बाजाराचा ताप बघणाऱ्या वाव्हळे सिस्टर

निवृत्तीच्या दिवशी माणसं शाल घेऊन घरी जातात, नारळ घेऊन जातात, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ घेऊन जातात. वाव्हळे सिस्टरनी पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर दवाखान्यातून मागून घेतला तो जुन्या तापाच्या चार्टचा गठ्ठा. नवीन फॉर्म आले होते, जुने रद्दीत निघाले होते. साहेबांनी हसून विचारलं, "सिस्टर, याचं काय करणार तुम्ही?" तर म्हणाल्या, "घरी काय कमी पेशंट हायत का?"

तापाचा चार्ट म्हणजे पेशंटच्या पायाशी लटकलेला तो चौकटींचा कागद. मधे आडवी लाल रेघ, ती निरोगी माणसाची, अठ्ठ्याण्णव पॉइंट चारची. सकाळचं एक टिंब, संध्याकाळचं एक टिंब, आणि टिंबाला टिंब जोडणारी रेघ. परभणीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीला कॅलेंडर नव्हतं, हे चार्टच होते. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, त्याचा एक. स्वतःच्या शुगरचा एक. दूधवाला किती वाजता उगवला, त्याचाही एक, तो त्या दूधवाल्याला दर महिन्याला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघ, तुझी तब्येत ढासळायलीय." नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. मोजण्यासारखं जगात जे काही होतं ते त्यांचंच होतं.

आमची पहिली भेटही चार्टवरूनच झाली, आणि ती माझ्या अब्रूला फारशी परवडली नाही. मी बावीस वर्षांची, बोरीहून निघालेली, नर्सिंगचा कोर्स करून एका दवाखान्यात नव्यानं लागलेली. पांढरा गणवेश, छातीला टाचलेलं उलटं घड्याळ, आणि आपल्याइतकं हुशार माणूस जिल्ह्यात नाही असा पक्का समज. संध्याकाळी सहाला वीस जणांच्या काखेत थर्मामीटर लावत फिरायचं माझ्या जिवावर यायचं. मग मी टेबलाशी बसूनच सगळ्यांच्या चार्टवर टिंबं ठोकायची. मधेच एखाद्याला नव्याण्णव द्यायची, खरं वाटावं म्हणून. स्वतःच्या या कलेवर मी फार खूश होते.

एका संध्याकाळी इनचार्ज सिस्टर, म्हणजे वाव्हळे सिस्टर, चार्ट हातात घेऊन आल्या. "निर्मला, तेरा नंबरला ताप किती?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, सिस्टर."

"तेरा नंबर सकाळीच डिस्चार्ज घेऊन चुडाव्याला गेला. आतापतूर जेवून झोपला आसंल. तू कुणाचा ताप घेतलास? गादीचा?"

सगळा वॉर्ड हसला. अकरा नंबरवाला पोटावरचे टाके धरून हसला. मला बाजूला घेऊन मात्र त्या हलक्या आवाजात बोलल्या. "घेतलं न्हाई तर जागा कोरी ठेव. कोरी जागा बघून डॉक्टर विचारतो तरी, हे का न्हाई म्हणून. खोटं टिंब दिसलं की तो पुढं निघून जातो." मी मान खाली घालून रडले. रडताना मनात चाललं होतं की उद्यापासून आधी रिकामे बेड बघून घ्यायचे. अशी मी.

पण नोकरीनं हळूहळू वळण लावलं, आणि ते लावलं या बाईनंच. त्या स्वतः कधी चिडून ओरडल्या नाहीत. एखाद्या डॉक्टरनं चार्ट न बघता औषध लिहिलं, तर त्याच्यासमोर चार्ट धरून नुसत्या उभ्या राहायच्या, तो बघेपर्यंत. "चार्ट बोलत न्हाई, म्हणून त्याच्यासाठी आपण उभं राहायचं," असं म्हणायच्या. पुढे आम्ही दोघी रिटायर झालो. माझं घर परभणीतच, त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. दुपारचा चहा त्यांच्याकडे, हे ठरलेलं.

आता माझ्या दुसऱ्या शहाणपणाची गोष्ट सांगते. पाच-सहा वर्षांखालची. तेव्हा मी बासष्टची होते. बासष्टावं वर्ष बाविसाव्याइतकंच मूर्ख असतं, फक्त गुडघे दुखतात. पुण्याच्या नातीनं सुट्टीत येऊन मोबाइलमध्ये एक अॅप घालून दिलं आणि बिटकॉईन म्हणजे काय ते समजावलं. मला त्यातलं चार आणेसुद्धा कळलं नाही. पण लावलेले पैसे आठ दिवसांत वाढले, तेव्हा सगळं कळल्यासारखं झालं. मी व्हिडिओ बघायला लागले. भिशीच्या बायकांना भाषणं द्यायला लागले. पेन्शनीच्या वेळी मिळालेल्या रकमेतला चांगला मोठा तुकडा मी घरात कुणाला न सांगता त्यात टाकला. चष्मा नाकावर, मोबाइल हातात, आणि तोंडात "मार्केट करेक्शन"! कुणी तेव्हाच दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वेळी वाव्हळे सिस्टरची एक एफडी पुरी होत आली होती. ती रक्कम त्यांची नव्हतीच म्हणा ना. त्यांच्या भावाची नात प्रज्ञा अकरावीला होती आणि तिला चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करायचं होतं. फी तिच्या आत्याआजीनं, म्हणजे सिस्टरनी, भरायची होती. बँकेचं व्याज उतरलेलं, कॉलेजची फी चढलेली. दीड-दोन वर्षं पैसे कुठे ठेवले तर थोडे वाढतील, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बँकेतला माणूस शेअर बाजारातल्या फंडाचं सांगत होता. मी चहा पिता पिता बिटकॉईनचं सांगितलं.

"तुझं ते बीट लय वर-खाली होतंय म्हणं," सिस्टर म्हणाल्या.

"शेअर बाजार काय एका जागी बसतो का, सिस्टर? दोन्ही सारखेच हो."

"सारखे हायत म्हणून कुणी सांगितलं? मोजलंस का?" त्या उठल्या, गठ्ठ्यातून दोन कोरे चार्ट काढले, भिंतीला शेजारी शेजारी चिकटवले. "हा बेड नंबर एक, शेअर बाजार. हा बेड नंबर दोन, तुझं बीट. एक महिना अॅडमिट करू दोघाला. मग ठरवू घरी कुणाला न्यायचं."

त्यांची पद्धत त्यांनीच काढली. लाल रेघ म्हणजे कालचा भाव. त्याच्यावर शंभरात एक रुपया वाढला की एक डिग्री वर, एक उतरला की एक डिग्री खाली. सकाळी दहाला एक रीडिंग, दुपारी साडेतीनला दुसरं. शेअर बाजाराचा आकडा त्या टीव्हीवर ऐकायच्या. बिटकॉईनचा भाव मी माझ्या मोबाइलवर बघून सांगायचा, कारण त्यांना काचबिंदू झाला होता. जाड स्केच पेननं काढलेलं टिंब दिसायचं, मोबाइलमधले मुंगीएवढे आकडे दिसायचे नाहीत.

"तुझ्यावर डोळे झाकून इसवास ठेवायलेय बघ," त्या म्हणाल्या. "तसेबी झाकलेलेच हायत."

पहिला आठवडा मी खरी वागले. बेड एक लाल रेघेला धरून होता. अर्धी डिग्री वर, पाऊण डिग्री खाली. एका दिवशी दोन डिग्री उतरला तर टीव्हीवरची माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. बेड दोननं पहिल्याच दिवशी पाच डिग्री चढून दाखवलं, तिसऱ्या दिवशी तो खालून कागदाच्या बाहेर गेला. तापाच्या चार्टला लाल रेघेखाली जागा फार थोडी असते.

"माणूस तेवढा गार पडला की मग चार्ट लागतच न्हाई," सिस्टर म्हणाल्या आणि खाली आणखी एक कागद डकवला. दोन दिवसांनी वरही एक डकवावा लागला. शनिवार-रविवारी बेड एकची जागा कोरी राहिली, बेड दोनचं टिंब मात्र चालूच.

"सुट्टी न्हाई का याला?"

"नाही हो. दिवसरात्र चालू. कधीही घ्या, कधीही विका. तोच तर फायदा!"

"म्हणजे शेअर बाजार ही ओपीडी झाली. टायमाला उघडती, टायमाला बंद. लयच गोंधळ झाला तर घडीभर दार लावून घेत्यात म्हणं, माणसं शांत होईपतूर. हे तुझं म्हणजे कॅज्युअल्टी. दाराला कडीच न्हाई." मग दोन्ही कागदांकडे बघून विचारलं, "बेड एकच्या अंगात हाडंमांस हाय. कंपन्या हायत, कारखाने हायत, कुणीतरी सकाळी उठून कामाला जायलंय. बेड दोनच्या अंगात काय हाय?"

मी व्हिडिओतलं उत्तर दिलं, "लोकांचा विश्वास."

"मग याला सलाईन कुठं लावायची?"

मी हसले. पण मला ते लागलं. कारण बेड दोनमध्ये माझे पैसे झोपले होते आणि ही बाई रोज त्याच्यासमोर उभी राहून त्याच्या मरणाचा अंदाज घेत होती. दहाव्या दिवशी तर त्यांनी निकालच दिला, "याला झटके येयलेत. आपल्या घरी न्यायचा न्हाई." त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून आले.

पुढच्या शनिवारी मी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले आणि साडेतीनचं रीडिंग घ्यायचं विसरले. संध्याकाळी सिस्टरनी विचारलं तेव्हा "विसरले" हा शब्द जिभेवर आला होता, देवाची शपथ. पण तोंडातून निघालं, "एक डिग्री वर." त्यांनी टिंब ठेवलं. सकाळच्या टिंबाला जोडलं. कागदावर रेघ किती छान दिसली!

बावीस वर्षांची ती पोरगी मेली नव्हती. चाळीस वर्षं आत दबून बसली होती, आणि आता चष्मा लावून बाहेर आली.

नंतर सोपं होत गेलं. आठ उतरला की मी दोन सांगायची. सहा चढला की दीड. मी पूर्ण खोटं कधी बोलले नाही. चढला तर चढला म्हणायची, उतरला तर उतरला म्हणायची, नुसती धार बोथट करायची. मधेच एखादा तीन द्यायची, खरं वाटावं म्हणून. त्यांना फसवायचं असं मनात नव्हतं. मला फक्त त्या भिंतीवर माझं नाणं शहाण्यासारखं वागताना बघायचं होतं. रोज दुपारी तो कागद बघून मलाच बरं वाटायचं, इतकं की घरी जाऊन मोबाइल उघडला आणि खरा आकडा दिसला की तोच खोटा वाटायचा.

"बेड दोनला औषध लागू पडायलंय का काय?" तिसऱ्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या.

"मी म्हणलं नव्हतं? सुरुवातीला तेवढा त्रास होतो."

महिना झाला. त्यांनी दोन्ही चार्ट खाली उतरवले, टेबलावर पसरले, भिंग घेऊन तासभर वाचले. पस्तीस वर्षं जसे वाचले तसेच. मी समोर बसले होते. मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या आठवड्यानंतर सुधरलाय. बेड एकपेक्षा थोडा जास्ती हालतोय, पण झटका न्हाई. आर्धी रक्कम फंडात टाकते, आर्धी तुझ्या बीटमधी. तूच टाक, मला दिसत न्हाई."

तेव्हा बोलायचं होतं. नंतर नाही, आधी नाही, बरोबर तेव्हा. समोर दुसरं कुणी नव्हतं. फार तर काय झालं असतं? गादीचा ताप घेणारी म्हणून त्या पुन्हा एकदा माझ्यावर हसल्या असत्या. मी म्हणाले, "बघा बाई, तुमचं तुम्ही ठरवा." आणि त्यांनी दिलेली रक्कम चार दिवसांनी माझ्या या बोटानं बिटकॉईनमध्ये टाकली.

पुढच्या काही महिन्यांत काय झालं ते मोबाइल असणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. शेअर बाजारही घसरला, पण जिन्यावरून उतरल्यासारखा, आणि पुन्हा चढायला लागला. बिटकॉईन गच्चीवरून पडला. प्रज्ञाच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा त्या अर्ध्याचे तीन हिश्शांतले दोन हिस्से गेले होते. थांबायला वेळ नव्हता, फी तारखेला भरायची असते. उरलं तेवढं काढलं. चार वर्षांचं बीएस्सी राहिलं आणि प्रज्ञानं दोन वर्षांचा, खालच्या पायरीचा एएनएम नर्सिंगचा कोर्स घेतला. मी माझे पैसे पुढे केले, तर सिस्टरनी माझा हात मागे सारला. "येडी झालीस का? तुझेबी बुडालेच की."

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांनी तो चार्ट काढला. दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर तोच, भिंगाखाली. आठवड्यानं गेले तरी तोच.

"कुठं चुकलं गं माझं?" त्या विचारायच्या. "प्रमाण चुकलं का? एकाला एक डिग्री धरलं, ते बरुबर व्हतं ना? का टिंबं जोडताना हात हालला?"

"असू द्या ना सिस्टर, होतं असं."

"असं कसं होतं? पस्तीस वर्षांत मला चार्टनं फसवलं न्हाई."

मग एका दुपारी भिंत उघडी दिसली. पाण्याचा चार्ट नाही, दूधवाल्याचा नाही. शुगरचाही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी घेतलेलं रीडिंग खरं कशावरून? डोळे गेले, हात गेला. उगं काय टिंबं मांडायची." शुगरचं मशीन त्यांनी शेजारणीला देऊन टाकलं. मी ओरडले, हट्ट केला, चार वेळा दवाखान्यात ओढून नेलं. पाचव्या वेळी त्या आल्या नाहीत. पायाला जखम झाली ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. दोन वर्षांत त्या गेल्या. शुगर, पाय आणि वय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते खरंच असेल. मी काही डॉक्टर नाही.

जाण्याच्या दोन दिवस आधी त्या चांगल्या शुद्धीवर होत्या. मी बेडजवळ बसून मोसंबी सोलत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "निर्मला, माझं काय चुकलं व्हतं गं त्या चार्टमधी?"

"तुमचं काही चुकलं नव्हतं, सिस्टर."

"मग कुणाचं?"

तोंड उघडलं होतं मी. दोनच अक्षरं होती. मी म्हणाले, "बाजाराचं."

त्या हसल्या. नव्या पोरीवर हसावं तसं. "बाजार कसा चुकंल, येडे? पेशंट कधी चुकत असतो का?" आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या घरात राहतो. मी कणीक मळते तेव्हा तो असतो, भिशीत असतो. बिटकॉईन आता तेव्हापेक्षा कितीतरी वर गेलाय. नात फोनवर म्हणते, "आजी, तुम्ही थांबायला हवं होतं." मी "हो गं" म्हणते, आणि कानात ऐकू येतं, मग कुणाचं?

प्रज्ञा आता जवळच्याच एका आरोग्य उपकेंद्रावर लागली आहे. महिन्यातून एकदा वाट वाकडी करून येते आणि माझं बीपी बघते. गेल्या महिन्यात आली तेव्हा दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता सहज बोलली, "आज्जी, आत्याआजी शेवटपर्यंत त्या चार्टचंच बोलायची. तिचं चुकलं तरी काय व्हतं हो?"

"माझं," मी म्हणाले. "माझं चुकलं. आकडे मी खोटे सांगितले." आणि सगळं सांगितलं. पोखर्णीचा शनिवार, आठचे दोन, सगळं. ती पट्टा फुगवायची थांबली होती. मग तिनं पुन्हा फुगवला, कानात नळ्या घातल्या, ऐकलं, नळ्या काढल्या.

"एकशे बहात्तर. गोळी चुकवू नका."

बॅग भरली. दारात चपला घालताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "कोर्सचं मला काई वाटत न्हाई, आज्जी. पण तिला सांगायचं व्हतं तुमी."

आणि तिनं गाडी चालू केली.